पाले लेण्यातील पाणी

आमच्या तुडीलहून एस.टी.ने महाडला येणारा माणूस २० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादन करतो आणि परत फिरतो. शहराजवळच मुंबई-गोवा महामार्गालगत गांधारपाले बौद्ध लेणी आहेत. तिकडे पाय वळत नाहीत.

यंदा मुलांना घेऊन पायऱ्या चढलो. वर चैत्यगृह, भिक्खूंच्या खोल्या, पाण्याची टाकी. खाली गांधारी व सावित्री. कुमार कानभोज विष्णुपालिताने चैत्यगृह, आठ खोल्या आणि दोन्ही बाजूंची टाकी दान दिली, असे येथील शिलालेख सांगतो. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी जेथे पाणी दान झाले, तेथून जवळच १९२७ साली पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला!

“मग मधे काय झालं?” धाकटीने विचारले. उत्तर देत देतच डोंगर उतरलो.

बंधू-भगिनींनो, महाडला याल तेव्हा मुलांना दोन्ही पाणी दाखवा.