अंगणातली थडगी

होनोलुलूच्या विमानतळावर रांगेत उभ्या असताना मैत्रिणीनं तिचा पासपोर्ट माझ्या हातात दिला. माझ्यासारखाच निळा, वर तोच सोनेरी गरुड. आत मात्र एक जास्तीची नोंद होती : ही व्यक्ती अमेरिकेची ‘नॅशनल’ आहे, नागरिक नाही.

माझा जन्म अलिबागजवळच्या एका वाडीतला. लॉस एंजेलिसला शंभर प्रश्न पाठ केले, उजवा हात वर करून शपथ घेतली आणि मी नागरिक झाले. ती जन्मली अमेरिकन सामोआतल्या टुटुइला बेटावर, जिथं १९०० सालापासून अमेरिकेचा झेंडा आहे. तिचा भाऊ अमेरिकेच्या सैन्यात होता. ती स्वतः वीस वर्षं लॉस एंजेलिसजवळच्या कार्सनला राहते, नोकरी करते, कर भरते. अध्यक्षाच्या निवडणुकीत मत मात्र मी देते, तिला देता येत नाही. विमानात बसेपर्यंत माझ्या मनात तेवढंच घोळत होतं. केवढा हा अन्याय!

अमेरिकन सामोआला होनोलुलूहून विमान आठवड्यातून दोनदाच. पाच तास खाली नुसतं पाणी. रात्री उतरलो आणि दार उघडताच ओल्या मातीचा, कुजक्या पाल्याचा, नारळाच्या धुराचा वास आला. थेट आमच्या आगराचा वास. मी दोन पायऱ्या उतरून थांबलेच.

टुटुइला म्हणजे समुद्रातून वर आलेली ज्वालामुखीची कड. सगळं मिळून क्षेत्रफळ मुंबई शहर-उपनगराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नाही आणि त्यातली सपाटी थोडीच. डोंगर सरळ पाण्यात उतरतात. गावं, शाळा, चर्च, सगळं किनाऱ्यालगतच्या एका रस्त्याला धरून. २०२०च्या जनगणनेत या प्रदेशाची वस्ती ४९,७१० भरली, आणि त्यातली जवळजवळ सगळी याच बेटावर. पूर्वेकडच्या मानुआ बेटांवर आता मोजकीच माणसं उरली आहेत. राजधानीचं नाव लिहितात पागो पागो, म्हणतात पांगो पांगो. डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेलं हे बंदर इतकं खोल आहे की अमेरिकेच्या आरमाराला हवं होतं ते हेच.

आता त्या बंदराच्या काठावर ट्यूनाचा कारखाना आहे. सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळेला लाकडी बांधणीच्या रंगीत बसमधून पांढरे गमबूट घातलेल्या बायका उतरतात. मैत्रिणीच्या आईनं, सगळे तिला तिना म्हणजे आई म्हणतात, तिथं वर्षानुवर्षं मासा साफ केला. शिजलेल्या माशाची कातडी, काटा आणि काळपट मांस सुरीनं काढून पांढरा गर वेगळा करायचा. दिवसभर उभं राहून. तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर अजून वाकलेलंच आहे. पूर्वी दोन मोठे कारखाने होते. २००९च्या २९ सप्टेंबरला त्सुनामी आली, इथली ३४ माणसं गेली. आणि दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, त्यातला एक बंद झाला. दोन हजारांवर माणसं घरी बसली. उरलेल्या एका कारखान्यावर बेटाची जवळपास सगळी निर्यात चालते. बाकी सरकारी नोकऱ्या, वॉशिंग्टनहून येणारा पैसा आणि कार्सनसारख्या ठिकाणांहून मुलं धाडतात ते डॉलर. किमान मजुरी मुख्य भूमीपेक्षा कमी, दुकानात मात्र सगळं जहाजानं आलेलं, म्हणून महाग. तरुण मुलं सैन्यात जातात, अमेरिकन फुटबॉल खेळायला जातात. जातातच.

शनिवारी रात्री तिनानं माझ्यापुढं अळूची कोवळी पानं टाकली. तळहातावर तीन-चार पानांचा द्रोण करायचा, त्यात नारळाचं घट्ट दूध आणि कांदा घालायचा, तोंड मुडपून बांधायचं. याला पालुसामी म्हणतात. पान कसं धरायचं ते मला शिकवावं लागलं नाही. अळूवड्या करत वाढलेले हात होते. पहाटे घरातल्या मुलांनी दगड तापवले, त्यावर नीरफणस, अळकुड्या, पालुसामीच्या पुरचुंड्या मांडल्या आणि वर केळीची पानं झाकली. मला आमच्या पोपटीची आठवण आली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास घंटा होते. त्या वेळात गावच्या रस्त्यावर कुणी चालत नाही. घराघरांतून प्रार्थना ऐकू येते. आमच्याकडच्या दिवेलागणीसारखीच ही वेळ, फक्त इथं गावातले तरुण रस्त्याच्या कडेला उभे राहून ती सांभाळतात.

घराच्या अगदी पुढ्यात तीन थडगी होती, सिमेंटची, वर पत्र्याचं छप्पर. नवरा, सासू, सासरे. तिना त्यांच्या कडेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिथंच मी तिला नागरिकत्वाबद्दल विचारलं.

ती म्हणाली, “काही जण कोर्टात गेले होते ना.” गेले होते. युटामध्ये राहणाऱ्या सामोअन लोकांचा तो खटला. २०२१मध्ये अपील कोर्टात हरले आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायलाच घेतला नाही. मला चकित केलं ते पुढच्या गोष्टीनं : अमेरिकन सामोआचं सरकारच त्यांच्या विरोधात उभं होतं.

कारण जमीन. इथली नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन कुटुंबाच्या सामायिक मालकीची आहे. कुटुंब म्हणजे आइंगा, शेकडो माणसांचं. त्याचा निवडलेला मताई, म्हणजे प्रमुख, ती सांभाळतो. बाहेरच्याला ती विकता येत नाही; बहुतेक खाजगी जमीनसुद्धा निम्मं तरी सामोअन रक्त असलेल्यालाच घेता येते. नागरिकत्वाबरोबर सगळ्यांना एकच कायदा लागू झाला की हे नियम कोर्टात टिकतील का, ही इथल्या अनेकांची धास्ती. मैत्रिणीला ती पटत नाही. तिला मतही हवं आहे, जमीनही. दोघी मायलेकी यावर अर्धा तास भांडल्या आणि मला दोघींचं पटत राहिलं.

मग तिनानं माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याकडे कसं असतं?”

मी सातबाऱ्याबद्दल सांगितलं. आमच्या आगराच्या उताऱ्यावर सतरा नावं होती. काका-आत्यांची, मुंबईला गेलेल्यांची, कधीच न पाहिलेल्या चुलतभावांची. त्या सतरा सह्या जमवण्यात वडिलांची दहा वर्षं गेली आणि ते गेल्यावर मी लॉस एंजेलिसहून मुखत्यारपत्र पाठवून आमचा वाटा मोकळा केला. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

“आता तिथं कुणाचं नाव आहे?”

“ज्यांनी घेतली त्यांचं. एकच.”

तिनानं हातातली घडी थडग्यावर ठेवली, तळव्यानं सारखी केली आणि बराच वेळ काही बोलली नाही.