उगाळलेला कोळसा

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ हे मी नट रिचर्ड बर्टनबद्दल का म्हणून गेलो, कोण जाणे. म्हणून गेलो खरा, आणि तेव्हापासून तो कोळसा डोक्यातून जात नाही.

बर्टन कोळशाच्या मुलखातलाच. 1925 साली वेल्समधल्या एका खाणकामगाराच्या घरी जन्मला, तेरा भावंडांत बारावा. दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा आई गेली, मोठ्या बहिणीने वाढवलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: दारू, एलिझाबेथ टेलरशी दोनदा लग्न नि दोनदा काडीमोड, ऑस्करची सात नामांकनं आणि हातात एकही बाहुली नाही, 1984 मध्ये 58व्या वर्षी मृत्यू. उगाळायला एवढं पुष्कळ झालं.

पण कोळसा उगाळतं कोण? उगाळतात ते चंदन, हळकुंड, बाळगुटीतलं वेखंड. सहाणेवर कोळसा घासत बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही, असं लिहिणार होतो. आणि आठवलं, आम्हीच की! सुट्टी संपून शाळा भरली की फळा पांढुरका पडलेला असायचा. मग कोळसा कुटायचा, पाला वाटायचा, दोन्ही कालवून चिंधीने फासायचं. कोपरापर्यंत हात काळे. गुरुजी बोट फिरवून बघत आणि म्हणत, “अजून एक हात द्या.” फळा जितका काळा तितकं खडूचं अक्षर उठून दिसे. तिथे कोळशाने काळंच असायला हवं होतं.

बर्टनलाही गुरुजी भेटले. फिलिप बर्टन. आडनाव त्यांचंच, हा जन्माने जेन्किन्स. ते त्याला डोंगरावर नेत, शेक्सपिअर म्हणायला लावत आणि स्वतः लांब लांब जात. ओरडायचं नाही, पण ऐकू आलं पाहिजे! त्यांना त्याला दत्तक घ्यायचं होतं; मात्र कायद्याला दोघांच्या वयात 21 वर्षांचं अंतर हवं होतं आणि ते 20 दिवसांनी कमी भरलं. मग नुसते पालक झाले. हे 20 दिवस मला का छळतात, कळत नाही. ते भरले असते तर काय झालं असतं? बहुधा काहीच नाही.

1980 साली डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमात बर्टन बापाबद्दल बोलला. खाणीतला तो चकाकता काळा पट्टा, बापाची त्यावर खिळलेली नजर, नेमक्या जागी एक घाव, आणि वीस टन कोळसा खाली. बापही पिणाराच. पण बर्टनच्या त्या आवाजात कोळसा ऐकताना काळेपणाची तक्रार करावीशी वाटत नाही.

म्हणजे म्हण मी उलटी केली? की पिणाऱ्या माणसाला आवाजासाठी सोडून दिलं? टेलरसाठी त्याने टाकलेली पहिली बायको सिबिल आणि दोन मुली यांच्यापुढे ही फळ्याची गोष्ट मला सांगता येईल का?

फळा फासून घरी गेलो की नखांत काळं राहिलेलं असायचं, साबणानेही न निघणारं. आई पान वाढायच्या आधी म्हणायची, “हात दाखव.”