कडी कोण लावणार?

नावे आणि जमा जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही आम्हा बँकवाल्यांची खोड. पण चहाच्या वेळच्या वादात प्रत्येकजण सगळं शहाणपण स्वतःच्या खात्यात जमा करतो आणि सगळा मूर्खपणा समोरच्याच्या नावे टाकतो. मग ताळा जुळावा कसा?

परवा चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला असताना आमच्या शाखेत विषय निघाला. तृतीयपंथी स्त्रीने बायकांच्या स्वच्छतागृहात जावं का? हेडकॅशियर खर्रा एका गालात सारून म्हणाले, "उद्या कोणीही येऊन म्हणन, मी बाई आहो! मग काय कराचं?"

कर्जविभागातले तरुण साहेब कायद्यावर गेले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या फॉर्मवर तिसरा चौकोन आणला. जानेवारी 2021 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने जळगावजवळच्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांना महिलांच्या राखीव जागेवर उभं राहू दिलं, आणि त्या ग्रामपंचायतीत निवडूनही आल्या.

"खुर्ची आन् संडास एकच व्हय का?" हेडकॅशियर कडाडले.

प्रश्न रास्त होता. राखीव जागा, पोलीस भरतीतली धाव, संडास अशा वेगवेगळ्या रकमा एकाच खात्यात टाकल्या, तर ऑडिटर सोडील काय? पण साहेबांना हेडकॅशियर जुनाट वाटत होते, आणि हेडकॅशियरना साहेब पुस्तकी.

पाऊण तासाने पासबुक छापणाऱ्या बाई बोलल्या. बाई भामरागडकडच्या. "आमच्याकडे कुर्माघर असते. पाळीत बाईनं तिथं राहाचं. आत कोणी बसाचं, याचे नियम पक्के. छप्पर गळते, ते कोणी पाहत नाही. आपल्या बायकांच्या संडासाची कडी दोन वर्षांपासून तुटली. मले भीती वाटते, ते खोटं नाही. पण आपल्याकडे खातं असलेल्या त्या तृतीयपंथी ताई पुरुषांच्या संडासात गेल्या, तर त्याईले वाटत नसन का? आमाले दोघींले विचारलं कोणी?"

कोणीच विचारलं नव्हतं. वाद घालणारे सगळे पुरुष होते आणि आमच्या दाराला कडी होती.

हेडकॅशियर थोडे खालच्या आवाजात म्हणाले, "नियम तरी पाहिजे ना बाप्पा." बाई म्हणाल्या, "पाहिजेच. पण आमच्यासमोर करा." त्या दिवसातलं पहिलं एकमत ते. त्या ताई पुढल्या खेपेला आल्या की दोघींना एकत्र बसवून विचारायचं ठरलं.

कडी मात्र लगेच मंजूर झाली. म्हणजे, तीन कोटेशनं मागवली आहेत.