बदक की किल्ला

मेटा शब्दकोडे म्हणजे कोडे सुटल्यावर सुरू होणारे कोडे. आडवे-उभे सगळे शब्द भरून होतात, एकही घर रिकामे राहत नाही, तरी उत्तर हातात नसते. चौकटीच्या वर एक शीर्षक असते आणि सोबत एक ओळ: 'उत्तर एक प्रसिद्ध चित्रकार' किंवा 'उत्तर सात अक्षरी शब्द'. हे उत्तर कोणत्याच क्लूचे नसते. भरलेल्या शब्दांत ते दडवलेले असते, आणि कोणत्या रीतीने दडवले आहे ते सोडवणाऱ्यानेच शोधायचे असते. पट मांडून द्यायचा आणि नियम सांगायचे नाहीत, असा हा खेळ आहे. त्याची गोडी तिथेच आहे आणि चीडही.

साधे शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात पहिल्यांदा छापले गेले. ते लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचले होते. मेटाला नियमित साप्ताहिक स्पर्धेचे रूप फार उशिरा आले. मॅट गॅफनी या अमेरिकी कोडेकाराने 2008 मध्ये अशी स्पर्धा सुरू केली. तिच्यात दर शुक्रवारी एक कोडे येते, महिन्याचा पहिला शुक्रवार सोपा असतो आणि पुढचा प्रत्येक आधीच्याहून अवघड. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने 2015 पासून शुक्रवारचे कोडे स्पर्धेचे केले. बरोबर उत्तर पाठवणाऱ्यांतून एकाची चिठ्ठी निघते आणि बक्षीस म्हणून मिळतो चहा-कॉफीचा एक मग. त्या मगासाठी शहाणीसुरती माणसे शनिवार-रविवारची झोप घालवतात. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रविवारच्या मध्यरात्रीची. भारतात तेव्हा सोमवारचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे इथल्या सोडवणाऱ्याची शेवटची धडपड कचेरीच्या वाटेवर होते.

दडवण्याच्या रीती अनेक आहेत. कधी ठरावीक क्लूंची पहिली अक्षरे ओळीने वाचायची असतात. कधी चौकटीतल्या एखाद्या शब्दाचे एक अक्षर बदलले की तो दुसऱ्याच क्लूचे उत्तर होतो, आणि बदललेली अक्षरे जुळवून शब्द बनतो. कधी घरांचे क्रमांकच कामाला येतात. नवख्याने शीर्षक आधी वाचावे, कारण त्यातला एकही शब्द सहसा उगाच आलेला नसतो. त्यानंतर सर्वांत लांब शब्द तपासावेत. मग जिथे सोपा शब्द बसला असता तिथे मुद्दाम घातलेला अडनिडा शब्द हेरावा. तरीही काही दिसले नाही तर कागद उलटा घालून झोपावे. हा शेवटचा सल्ला चेष्टेचा वाटेल, पण पुष्कळ मेटा सकाळी दात घासताना सुटतात.

सोडवणाऱ्यांच्या बोलीत चुकीच्या वाटेला 'रॅबिट होल' म्हणतात. मराठीत त्याला चकवा हा शब्द अधिक शोभतो. चकव्यात सापडलेल्या माणसाला आपण रस्त्यावरच आहोत असे वाटत असते, आणि मेटातही तसेच होते. उत्तर आधी अंदाजाने धरायचे आणि रीत मागाहून शोधायची, याला 'बॅकसॉल्व्ह' म्हणतात. रीतच सापडली नाही आणि तरी उत्तर ठोकून दिले, तर ते अंदाजपंचे. बरोबर उत्तराची खूण एकच मानली जाते: ते मिळाले की रचनेतले काहीही शिल्लक राहत नाही. मुदतीपूर्वी आपसात बोलण्याचाही एक शिष्टाचार आहे. उत्तर सांगायचे नाही, रीत सांगायची नाही, फार तर 'शीर्षक पुन्हा वाचा' एवढे म्हणायचे. प्रस्तुत लेखकाच्या मते एवढेही म्हणू नये. अर्धा इशारा मिळालेले कोडे दुसऱ्याने उष्टावलेले असते.

हे मत मांडणारा लेखक सात जणांच्या एका मराठी कंपूत आहे. त्यातले तिघे पुण्याचे, एक ठाण्याच्या, एक नागपूरचे आणि दोघे न्यू जर्सीत. सगळे इंग्रजी मेटा सोडवत आणि सोमवारी मुदत टळली की त्यावर ई-मेलने काथ्याकूट करत. पुढे मराठीतच मेटा रचून एकमेकांना पाठवावेत असे ठरले. त्यातला तिसरा मेटा ठाण्याच्या ताईंचा होता आणि त्यावरून झालेला वाद अजून पुरता मिटलेला नाही.

चौकट नऊ बाय नऊची. शीर्षक 'अंगाला लागून'. खालची ओळ फक्त 'उत्तर एक मराठी शब्द' एवढीच. तारा लावलेले शब्द तीन, वरून खाली या क्रमाने: पाठबळ, पायदळ, हातकडी. तिन्हींच्या सुरुवातीला शरीराचा एकेक भाग आहे, पाठ, पाय आणि हात, हे कळायला पाच मिनिटेही लागली नाहीत. तो भाग काढला की उरते बळ, दळ आणि कडी, आणि हे तिन्ही स्वतंत्र अर्थाचे शब्द आहेत. बळ म्हणजे ताकद, दळ म्हणजे सैन्य, कडी दाराची. जिथे ताकद आहे, सैन्य आहे आणि कडी लावलेला दरवाजा आहे ते ठिकाण कोणते? लेखकाने त्याच रात्री 'किल्ला' असे उत्तर पाठवले आणि निवांत झोपला.

ताईंचे उत्तर होते 'बदक'. अंगाला लागून जे अक्षर येते तेवढेच घ्यायचे: पाठनंतरचे ब, पायनंतरचे द, हातनंतरचे क. प्रत्येक शब्द चार अक्षरी आणि हवे ते अक्षर दर वेळी तिसऱ्या घरात. चौघांना ते दिसले. नागपूरच्या काकांनीही मात्र कोणाशी न बोलता 'किल्ला'च पाठवले होते.

यावर अकरा दिवस पत्रापत्री झाली. लेखकाचे म्हणणे असे की शीर्षक दोन्ही उत्तरांना सारखेच लागू पडते, कारण बळ, दळ आणि कडी हीसुद्धा अंगाला लागूनच आहेत. एक अक्षर घ्यावे की उरलेला सगळा शब्द, हे कुठेही सांगितलेले नाही. शिवाय उरलेले तिन्ही तुकडे अर्थपूर्ण निघावेत आणि एकाच कल्पनेकडे बोट दाखवावेत, याला योगायोग म्हणणे सोडवणाऱ्यावर अन्याय आहे. रचणाऱ्याला ते दिसले नसेल तर तो निष्काळजीपणा, आणि दिसूनही ठेवले असेल तर लबाडी. खालच्या ओळीत 'एक पक्षी' एवढे दोन शब्द असते तर सात माणसांचा दीड आठवडा वाचला असता. दोन माणसे स्वतंत्रपणे एकाच उत्तरावर पोचतात तेव्हा ते उत्तर चूक म्हणून खोडता येत नाही, कोड्याला दोन उत्तरे आहेत असे म्हणावे लागते. ही शेवटची मांडणी काकांची. ते निवृत्त वकील आहेत.

ताईंनी दोन प्रश्न विचारले. पहिला: किल्ला धरला तर पाठ, पाय आणि हात यांचे काय केलेत? अंग हे नुसते सोलून टाकायचे साल असते, तर त्या जागी काहीही चालले असते. दुसरा: 'किल्ला' हा शब्द चौकटीत कुठे लिहिलेला आहे? ब, द, क ही अक्षरे चौकट स्वतः देते. किल्ला सोडवणाऱ्याने पदरचा घातला आहे, आणि त्याच तीन तुकड्यांवर कोणी 'छावणी' म्हणाला असता तर त्याला काय सांगणार होतात?

छावणीला उत्तर नव्हते. अर्थावरून उडी मारायला लावणारे मेटाही छापले जातात, हे लेखकाने नोंदवून ठेवले, पण त्यात पूर्वीचा जोर नव्हता.

रचणाऱ्याच्या हेतूबाहेर शब्द जुळून येतात, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'मधले आहे. मे आणि जून 1944 मध्ये, नॉर्मंडीवरच्या स्वारीच्या तोंडावर, त्या दैनिकाच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी आणि नेपच्यून हे शब्द एकामागून एक आले. पाचही त्या मोहिमेतली गुप्त नावे होती. कोडी रचणारे लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. गुप्तचरांनी त्यांची चौकशी केली आणि हेरगिरीचे काही निघाले नाही म्हणून सोडून दिले. पुढे 1984 मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले की चौकटी भरायला मुलेच मदत करत आणि हे शब्द त्याने सैनिकांच्या तोंडून ऐकले होते. लेखकाने हे उदाहरण आपल्या बाजूने म्हणून पाठवले. ताईंनी ते आपल्या बाजूने वाचले: पाच शब्द जुळले म्हणून डॉ हेर ठरत नाहीत आणि तीन जुळले म्हणून बदकाचा किल्ला होत नाही.

मराठी मेटा रचणे इंग्रजीहून अवघड का, हे या वादानंतर कळले. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर काना-मात्रेसकट बसते, जोडाक्षरही एकाच घरात. म्हणून वेचलेले अक्षर आपली मात्रा बरोबर घेऊन येते. अंगाने सुरू होणारे शब्द मराठीत पैशाला पासरी मिळतात, पण हातगाडीतून गा निघतो, पोटगीतून गी, पायताणातून ता, पाठलागातून ला, कानटोपीतून टो. हे जुळवून शब्द होत नाही. मात्रा नसलेली तीन अक्षरे ओळीने मिळावीत, त्यांचा शब्द व्हावा आणि तिन्ही मूळ शब्द रोजच्या वापरातले असावेत, ही कारागिरी आहे. 'एक पक्षी' असे खाली लिहिले असते तर ती दोन मिनिटांत उलगडली असती आणि कोणाच्या लक्षातही राहिली नसती. लेखकाची मागणी त्या अर्थाने चुकीचीच होती. त्याने वहीत त्या कोड्यासमोर स्वतःला अर्धा गुण दिला आहे, तो मात्र अजून खोडलेला नाही.

तीच रीत वापरून सरस मेटा रचून दाखवायचा, असे लेखकाने मग ठरवले. उत्तरही अंगाचाच भाग असावा, म्हणजे वर्तुळ पुरे होईल. 'बोट' हा शब्द निवडला. गालबोटातून बो लगेच मिळाला, पण अंगाच्या भागापुढे ट येणारा शब्द काही केल्या सापडेना. चार दिवसांनी 'करट' सुचले: कर म्हणजे हात, त्यापुढे ट. कर हा पोथीतला शब्द आहे, पण करट घरोघरी होते. वर गालबोट, खाली करट, दोन्ही कातडीवर येणारी, आणि शीर्षकात यंदा 'अंगावर' असा शब्द घालता येत होता. चौकट आखून ती त्याच रात्री सहा जणांना पाठवली.

ताईंचे उत्तर सकाळी आले, एका ओळीचे: "'गालबोट'मध्ये 'बोट' अख्खे आहे की हो, मग ते करट कशाला?"