नाव कोरलेले असते, पण साक्ष कोण देणार?

आमच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फळीवर एक पितळी तांब्या आहे. त्याच्या गळ्याजवळ बारीक टिंबाटिंबांनी आजोबांचे नाव घातलेले आहे आणि पुढे 'बैलजोडी, पहिला नंबर' एवढेच शब्द आहेत. साल नाही, गाव नाही, कोणी दिला तेही नाही. आता गंमत अशी, की आजोबांच्या एका चुलतभावाचे नाव आणि आडनाव अगदी तेच होते. बैलांचा नादही दोघांना सारखाच. त्यामुळे हा तांब्या नक्की कोणत्या घरचा, यावरून दोन घरांत तीन पिढ्या कुरबूर चालू होती. लग्नकार्यात पंगत उठली, पानसुपारी सुरू झाली की तांब्याचा विषय निघालाच म्हणून समजा. एकदा तर वर्षभर येणेजाणे बंद होते.

हा तांब्या मला सातासमुद्रापलीकडे आठवला, तोही एका बंदुकीपुढे उभा असताना. ती हकिगत सांगतो.

माझा भाचा अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरी नोकरीला होता. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. ओहायो नदीच्या काठचे हे शहर. आजूबाजूचा मुलूख शेतीचा. मका आणि तंबाखू ही तिथली जुनी पिके. मक्यापासून काढलेली बर्बन नावाची दारू ही तिथली मोठी पेठ. तिच्या धान्यात निम्म्याहून जास्त, म्हणजे निदान 51 टक्के मका असावाच लागतो, असा तिथला कायदा आहे. आपल्याकडे उसाभोवती जशी गावे वाढली, तशी तिकडे मक्याच्या पैशावर किती तरी घराणी उभी राहिली.

शहराच्या मेन स्ट्रीटवर जुन्या वखारी ओळीने उभ्या आहेत. दर्शनी भाग ओतीव लोखंडाचे, नक्षीदार. एका इमारतीला तर 120 फूट उंचीची बेसबॉलची बॅट टेकवून ठेवलेली आहे. तिथून जवळच फ्रेझर संग्रहालय आहे. भाचा म्हणाला, "मामा, आत सगळी जुनी शस्त्रे आणि इतिहास. तुम्हाला कंटाळा येईल." मी म्हटले, "अरे, नांगर काय नि तलवार काय, दोन्ही लोहाराच्याच हातची. चल, बघू या."

आत गेल्यावर आधी कळली ती संग्रहालयाच्या जन्माची गोष्ट. ओव्सली ब्राऊन फ्रेझर हे तिथल्या दारूच्या धंद्यातले मोठे गृहस्थ. त्यांच्या खापरपणजोबांसाठी 1820 नंतरच्या दशकात केंटकीतल्याच बार्ड्सटाऊन गावच्या कारागिराने एक लांब नळीची रायफल घडवली होती. ती आजोबांकडून फ्रेझर यांच्याकडे आली. पुढे 3 एप्रिल 1974 रोजी अमेरिकेत चक्रीवादळांनी थैमान घातले. एका दिवसात तेरा राज्यांत मिळून शंभरावर वावटळी उठल्या. त्यांतली एक लुईव्हिलवर आली आणि त्या धुमाळीत ही वडिलार्जित रायफल गेली. तिच्या जागी दुसरी मिळवावी म्हणून फ्रेझर जुन्या बंदुका पाहू लागले. पाहता पाहता त्यातली कारागिरी त्यांना कळू लागली आणि 2004 साली हे संग्रहालय उघडले. 2012 साली ते वारले.

मला ही गोष्ट फार लागली. पैशाला तोटा नसलेला माणूस. त्याने हजार बंदुका घेतल्या असत्या. पण खापरपणजोबांच्या हातची ती ती नव्हे!

त्यांच्या संग्रहात आलेली एक बंदूक मात्र जगप्रसिद्ध आहे. ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेट मिळालेली शिकारीची रायफल. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित कारखान्याची ही दुनळी. दोन नळ्या शेजारी शेजारी, आत मळसूत्री आटे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. चापाच्या वरच्या पोलादी भागावर हाताने कोरलेली बारीक वेलबुट्टी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर शेवग्याच्या कोवळ्या डहाळीसारखी एकातून एक फुटत गेलेली. पण नक्षीवर भुलू नये. ही हत्ती-गेंड्यासाठी केलेली बंदूक. तिची गोळी साडेअकरा मिलिमीटर जाडीची आणि एकेका गोळीचे वजन पावणेतीन तोळ्यांच्या आसपास. मोडता येणारी दुनळी असल्याने एकामागोमाग दोन बार तत्काळ काढता येतात. चालून आलेल्या हत्तीपुढे तिसऱ्या बाराला सवड कुठली?

ही भेट दिली कोणी? इंग्लंडमधले प्राणिशास्त्राचे अभ्यासक आणि शिकारी, अशा पन्नासहून अधिक लोकांनी वर्गणी काढून दिली. पुढाकार एडवर्ड नॉर्थ बक्स्टन यांचा. साम्राज्यातले वन्य प्राणी वाचवण्यासाठी 1903 साली निघालेल्या संस्थेचे ते संस्थापक. वर्गणीदारांत परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे होते, नामांकित शिकारी सेलूस होते, आणि आपल्याला चांगले ठाऊक असलेले एक नावही होते, लॉर्ड कर्झन! बंगालची फाळणी करणारा, लोकमान्यांनी 'केसरी'तून ज्याचा समाचार घेतला तोच. मात्र आसामातले काझीरंग्याचे जंगल गेंड्यांसाठी राखून ठेवण्याचे काम 1905 साली त्याच्याच कारकिर्दीत सुरू झाले, हेही खरे.

आणि भेट कशाबद्दल? राष्ट्रीय उद्याने आणि राखीव जंगले करून प्राण्यांच्या जाती वाचवल्या, त्या कामगिरीबद्दल! वाचकहो, मी हे वाचून हसलोच. प्राणी राखले म्हणून बक्षीस काय, तर हत्ती मारायची बंदूक! पण त्या काळच्या लोकांना यात काही वावगे वाटत नव्हते. शिकार टिकावी म्हणून जंगल टिकवायचे, असा त्यांचा हिशेब होता. रूझवेल्टचे काम मात्र खोटे नव्हते. तरुणपणी डाकोटा भागात त्याने गुरे पाळली होती. 1886-87 च्या हिवाळ्यात बर्फाने चारा झाकून टाकला आणि त्याची निम्म्याहून जास्त गुरे मेली. माळावर किती गुरे मावतात आणि माळ कधी संपतो, हे त्याने खिशाला चाट लावून घेऊन शिकले होते. पुढे सत्तेवर असताना त्याने सुमारे 23 कोटी एकर जमीन राखीव केली. त्यात दीडशे राष्ट्रीय वने, पाच राष्ट्रीय उद्याने आणि पक्ष्यांसाठी 51 राखीव जागा होत्या.

राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर तीनच आठवड्यांत, मार्च 1909 मध्ये, तो मुलगा करमिटला घेऊन आफ्रिकेला निघाला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी प्राण्यांचे नमुने जमवणे हे त्या मोहिमेचे काम होते. लहानमोठे मिळून अकरा हजारांवर नमुने आले. बापलेकांनी मिळून पाचशेच्या वर जनावरे मारली. माउंट केनियाच्या रानात रूझवेल्टने पहिला हत्ती पाडला, तो याच दुनळीने. आज वाचताना आकडा बोचतो. बोचू द्यावा. जुनी वस्तू नुसती कौतुकाने पाहायची नसते.

आता मुद्द्याकडे येतो. मी भाच्याला विचारले, "ही तीच बंदूक कशावरून? कारखान्याने अशा कितीक केल्या असतील. कोणीही नाव कोरून घ्यावे आणि म्हणावे, ही रूझवेल्टची!" त्याने तिथल्या एका वयस्क मार्गदर्शकाला गाठले. त्या गृहस्थांनी जुन्या बंदुका कशा पारखतात ते समजावून सांगितले. त्यांच्या बोलण्याचा सारांश आपल्या भाषेत असा:

पहिली साक्ष नळीची. इंग्लंडात तयार झालेली बंदूक विकण्याआधी सरकारमान्य घरात तिच्यातून जादा दारूचा बार काढून पाहतात. टिकली तर नळीवर छाप मारतात. लंडनचे हे परीक्षाघर सतराव्या शतकापासूनचे आहे. छापांची धाटणी काळानुसार बदललेली असल्याने बंदुकीचे वय ताडता येते.

दुसरी साक्ष नंबराची. प्रत्येक चांगल्या बंदुकीला नंबर असतो आणि तो कारखान्याच्या वहीत चढतो. कोणत्या नंबराची बंदूक, कोणत्या मापाची, कोणासाठी, कधी. हे ऐकले आणि मी मांडीवर थाप मारली. हा तर सातबारा! शेताच्या बांधावर कोणी नावाची पाटी लावली म्हणून शेत त्याचे होत नाही. तलाठ्याच्या दप्तरी नोंद लागते. त्या वहीत लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक नव्हते, की शंभर वर्षांनी कोणी हे पान उघडेल. म्हणून त्याचा शब्द मोलाचा. त्याला खोटे बोलायचे कारणच नव्हते.

तिसरी साक्ष नक्षीची. चांगल्या बंदुकीवर नक्षी कोरतात ती पोलाद मऊ असताना. नंतर भट्टीत घालून वरचा थर कडक करतात. त्यामुळे मागाहून कोणी नाव कोरायला गेला, तर कोरणी घसरते किंवा पोलाद पुन्हा तापवून मऊ करावे लागते, आणि मग त्याचा मूळ रंग जातो. शिवाय जुन्या नक्षीच्या कडा हाताने, तेलाने, चिंधीने सगळीकडे सारख्या बोथट झालेल्या असतात. वेल झिजलेली आणि नाव मात्र टोकदार, असे दिसले की संशय घ्यावा.

चौथी साक्ष पेटीची आणि कागदांची. पेटीत वर्गणीदारांची यादी होती आणि भेट कशाबद्दल तेही लिहिले होते. रूझवेल्टने आफ्रिकेच्या प्रवासावर 1910 साली पुस्तक काढले. त्यात ही बंदूक राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइट हाउसमध्ये हाती आल्याचे लिहून ती सगळी यादी छापली आहे. नुसत्या यादीवर भागले नसते, नुसत्या पुस्तकावरही नाही. पण वही, छाप, पेटी आणि पुस्तक या चौघांनी एकच गोष्ट सांगितली की मानावेच लागते.

आणि पाचवी साक्ष फेरफाराची. वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याची साखळी. मधली एक कडी जरी तुटली, तरी किंमत निम्म्यावर येते.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. भाचा म्हणाला, "मामा, पाय दुखले का?" म्हटले, "नाही रे, तांब्या आठवला." आमच्या तांब्याला नाव होते, पण वही नाही, पेटी नाही, कागद नाही. नावापुरते बघितले तर ते दोन्ही घरांचे. आपण तीन पिढ्या भांडलो. पण कोणी कधी म्हाताऱ्या माणसांना बसवून नीट विचारले का? प्रत्येकाने आपल्या घरच्यांनाच विचारले आणि आपल्याला हवे तेच ऐकले.

गावी आल्यावर आधी आत्याकडे गेलो. ती नव्वदीच्या घरात. तिला दिसत कमी होते, पण आठवण लख्ख. तांब्या तिच्या हातात दिला. तिने नावावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "अरे, जोडी कुठली आपली एकट्याची! एक बैल आपला, एक त्यांचा. सावडीत औत चालायचे ना. दोघा भावांनी मिळून जोडी नेली होती. नाव एकच, म्हणून एकदाच घातले."

मी चाट पडलो. पण एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही, हे नुकतेच शिकून आलो होतो. तसाच उठून चुलतघरी गेलो. तिथल्या थोरल्या काकूंना आत्याचे बोलणे न सांगता विचारले. त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलेले सांगितले. त्यांचा बैल डावीकडे चालायचा आणि आमचा उजवीकडे. दोन घरे, दोन तोंडे, गोष्ट एक.

त्या रात्री वहीच्या पानावर सगळे लिहून काढले. कोणी सांगितले, कोणापुढे, कोणत्या तारखेला. आत्याचा अंगठा घेतला, काकूंची सही घेतली. एक प्रत तांब्यात घडी करून ठेवली, एक चुलतघरी दिली. आता तांब्या एक पोळा आमच्याकडे असतो, एक त्यांच्याकडे. पुढच्या वर्षी आत्या गेली.

तुमच्याही घरात असे काही असेल. आजीची पाटली, वडिलांचे पदक, एखादी जुनी तलवार, भिंतीवरचा फोटो. नाव कोरलेले असले तरी निर्धास्त राहू नका. जाणते माणूस बसते-उठते आहे तोवर त्याला विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. वादळ कधी येईल ते फ्रेझरना तरी कुठे ठाऊक होते?