गोठ्याची खोली आणि ‘एका खोलीत शिकले’चा दाखला

“बाबासाहेब एका खोलीत शिकले, मग तुमच्या पोरीला वेगळी खोली कशाला पाहिजे?” हा प्रश्न आम्हाला आमच्याच माणसांनी विचारला. रोहिणखेडच्या घराला लागून असलेला गोठा आम्ही राहण्याजोगा करायला घेतला तेव्हाची गोष्ट. बैलजोडी विकली गेली होती, गोठा रिकामा होता. थोरल्या काकांचं म्हणणं, शटर बसवा, दुकानाला भाड्यानं द्या. चुलतभावाला तिथं मोटारसायकल लावायची होती. आम्ही म्हणालो, पुतणी बारावीला आहे, खोली तिची.

आधी दाखल्याबद्दल बोलू. परळच्या चाळीतल्या एका खोलीत चूल, जातं, शेळी आणि अख्खं कुटुंब होतं. रामजीबाबा लेकाला रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत, कारण त्याआधी शांतता मिळतच नव्हती. ही अडचण होती, आदर्श नव्हे. पुढे ऐपत आली तेव्हा बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं आणि त्यात ग्रंथांसाठी खास जागा ठेवली. अर्धाच दाखला देऊन गरिबीचं कौतुक करणाऱ्यांनी हा उरलेला अर्धाही सांगावा.

रमाई आवासचं घर २६९ चौरस फुटांचं. त्यात स्वयंपाक, झोपणं, पाहुणे, आजारी माणूस, सगळं आलं. पुस्तक उघडायला कोपरा कुठला? विहारातली अभ्यासिका चांगलीच, पण अंधार पडला की मुली घरी परततात. अभ्यासाची खरी वेळ तर त्यानंतर सुरू होते.

मात्र गुरं काढून खाट टाकली म्हणजे खोली होत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीला किमान ९.५ चौरस मीटर जागा, २.७५ मीटर उंची आणि कोरड्या उष्ण हवामानात जमिनीच्या एक दशांश इतक्या खिडक्या लागतात. आमचा गोठा १२ बाय १० फूट, म्हणजे जागा पुरेशी होती. मागची भिंत सातच फूट होती, ती चढवून पत्रे वर घेतले. समोरासमोर ३ बाय २ फुटांच्या दोन खिडक्या काढल्या.

मुख्य काम जमिनीचं होतं. वर्षानुवर्षं गोमूत्र मुरलेल्या मातीतले क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात, लोणा लागतो आणि वरून कितीही सिमेंट थापलं तरी गिलावा सुटतो. म्हणून दीड फूट माती खणून शेतात टाकली. पिकाला ती खतच. मग मुरूम ठोकला, प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, त्यावर काँक्रीट आणि शहाबादी फरशी. भिंतीचा खालचा तीन फूट गिलावा खरवडून नव्यानं केला. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून वरून पांढरा रंग आणि आतून छत घातलं.

आता रात्री तिथं आमची पुतणी आणि वस्तीतल्या आणखी तीन मुली बसतात. दुकानाचं भाडं बुडालं हे खरं. काका अजूनही तो हिशेब सांगतात, आम्ही ऐकून घेतो.

मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. तसाच एक हिशेब या वर्षी वस्तीतल्या रिकाम्या गोठ्यांचा, शेडचा आणि पडव्यांचा मांडा. ‘शिका’ हा आदेश पाळायला दिवा, दार आणि कोरडी जमीन लागते. आणि त्या दाराची आतली कडी मुलीच्या हाती असावी लागते.

जयभीम!