“सर्व्हर डाऊन आहे, उद्या या”

सेवाग्राम आश्रमात व्हाइसरॉय लिनलिथगोने बापूंसाठी बसवलेला टेलिफोन आपण पाहिलाच असेल. एकच तार, तुटली की बोलणं बंद. इंटरनेट तसं नाही. 1974 मध्ये सर्फ आणि कान यांनी टीसीपी मांडला, तो माहिती वाटेत हरवणार हे धरूनच. प्रत्येक तुकड्याला क्रमांक. पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचा, दोनदा पोचला तर एक टाकून द्यायचा.

मग परवा रेशन दुकानातून एक आजी दुसऱ्यांदा रिकामी थैली घेऊन का परतली? धान्य द्या, नोंद क्रमांकासह मशीनमध्येच ठेवा, रेंज आली की वर पाठवा. क्रमांकामुळे तीच उचल दोनदा धरली जाणार नाही.

रेंज जाणारच, साहेब. आजीनं किती चकरा मारायच्या?